लाय की ले?

इंग्रजीतल्या सारख्या वाटणाऱ्या क्रियापदांच्या जोड्यांत गोंधळ होतो ना? त्यातल्या बॉरो आणि लेंडचं फार मनावर घेऊ नकोस. उसनं घेणं ते बॉरो, उसनं देणं ते लेंड. ब्रिंग आणि टेक तर बहुतेक वेळा आपल्या आणणं-नेणंसारखेच. खरी मेख आहे लाय आणि लेमध्ये. स्वतः आडवं होणं म्हणजे लाय, वस्तू ठेवणं म्हणजे ले. पण लायचा भूतकाळही ‘ले’च होतो! इथे मी वर्षभर अडखळले. मग ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत रोज पुटपुटायचे: आय लेड द बॅग डाउन, देन आय ले डाउन. क्रियापदाला ‘काय?’ विचार. ‘बॅग’ असं उत्तर आलं, तर ले-लेड-लेड. नाहीच आलं, तर लाय-ले-लेन. तिन्ही रूपं एका दमात म्हण, सुटी पाठ करू नकोस.