फिल्मवरून छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर जाताना काय नव्यानं शिकावं लागतं?

भाऊ, तुमचा हात पेंटॅक्स के१००० या फिल्म कॅमेऱ्यावर बसलाय, रोल धुवायला आता पार नागपूर गाठावं लागतं, म्हणून खिशात मावेल असा डिजिटल घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. बिनधास्त घ्या. ॲपर्चर, शटर, उजेडाची दिशा हे सगळं जसंच्या तसं कामी येतं. सोडावी लागते ती एकच सवय, सढळ हातानं उजेड द्यायची. आपल्या भागात ती जरा जास्तच नडते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडचा, घरी कापसाचं वावर. निगेटिव्हवर काढताना शंका आली की आपण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त देतो. रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉपपर्यंतचा जास्तीचा उजेड सहज पोटात घालते, प्रिंट काढणारा बाकीचं सांभाळून घेतो. कमी उजेड मात्र तिला सोसत नाही, सावल्यांत नुसते दाणे उरतात. म्हणून आपण उजेड मोजणारं मीटर सावलीवर धरायचो. डिजिटलचं नेमकं उलटं. फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरवरचा बिंदू एकदा उजेडानं भरला की त्यापुढचं काही नोंदवलंच जात नाही. तिथं कोरा पांढरा उरतो आणि नंतर संगणकावर कितीही डोकं लावलं तरी त्यातून काही निघत नाही. ज्यांनी कधी स्लाइड फिल्म वापरली असेल त्यांना हे नवं नाही, तिलाही जास्तीचा उजेड सोसत नाही.

आता हे पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, लावून बघा. दिवाळीच्या सुमाराला बोंडं फुटलेली, खाली काळी माती, अकरा वाजताचं ऊन. फ्रेममध्ये बहुतेक जागा माती आणि गर्द पानांची. कॅमेऱ्याचा मीटर ते बघून उजेड कमी आहे असं धरतो आणि वाढवतो. झालं, बोंडातले धागे, सरकीचा उंचवटा, चिकटलेला वाळक्या पानाचा चुरा, सगळं जाऊन एकेक पांढरा ठिपका राहतो. इथं अधिक-उण्याची खूण असलेलं बटण दाबून उणे ०.७ किंवा उणे १ स्टॉपवर जायचं. माती काळवंडेल, काळवंडू द्या. फाइल रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या प्रकारात, असेल तर माती नंतर उजळता येते, उडालेला कापूस परत येत नाही.

गंमत अशी की तोच कापूस जिनिंगच्या, म्हणजे सरकी वेगळी करायच्या गिरणीच्या, आवारात ढिगानं पडलेला असेल आणि फ्रेम त्यानंच भरली असेल, तर मीटर उलटा फसतो. एवढं पांढरं बघून तो उजेड कापतो आणि ढीग मळकट राखाडी येतो. तिथं अधिक ०.७ किंवा अधिक १ द्यावं लागतं. म्हणजे ‘कापूस दिसला की उणे’ असं पाठ करून भागत नाही, फ्रेममध्ये जास्त जागा कशाची आहे ते बघायचं. के१०००ची सुई बघून मनात हिशोब करणाऱ्याला हे चार दिवसांत जमतं. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं-पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख, चालू ठेवा. जास्त उजळलेले भाग लुकलुकवून दाखवायची सोय असेल तर तीही चालू करा.

घेताना माझी पहिली अट व्ह्यूफाइंडरची, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीची. शहरातले लोक याला फार मोजत नाहीत. एप्रिल-मेच्या दुपारी बांधावर उभं राहून मागची स्क्रीन बघा, फोटोऐवजी स्वतःचं तोंड दिसेल. सोनी आरएक्स१००च्या २०१२च्या पहिल्या मॉडेलला व्ह्यूफाइंडर नाही, २०१४च्या तिसऱ्याला वर उचलायचा आहे. फुजीच्या एक्स१०० मालिकेत तर ऑप्टिकल, म्हणजे काचेतून थेट बघायचाही, आहे, पण तिची लेन्स एकच, आपल्या हिशोबानं ३५ एमएम, झूम नाही. शिवाय खिसा चांगलाच हलका होतो.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका, सेन्सरचं माप विचारा. तुमची फिल्म ३६ बाय २४ मिलिमीटर. स्वस्त कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६ बाय ४.५, ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ बाय ८.८. (एक इंच त्यात कुठूनही भरत नाही, हे नावच फसवं आहे.) लहान सेन्सरमुळे लेन्सही आखूड लागते, म्हणून पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं. वावर, देऊळ, बाजार काढायला ते बरंच, पण आजीचा चेहरा स्पष्ट आणि मागचा कुड धूसर असं तुम्हाला ५० एमएमवर मिळायचं, ते इथं विसरा. एक इंचीवर ॲपर्चर एफ १.८ एवढं उघडं ठेवलं तरी मागचं धूसर होणं तुमच्या जवळपास एफ ५एवढंच. रात्रीच्या दंडारीसाठीही (आपल्याकडचं लोकनाट्य) एक इंचीच्या खाली उतरू नये असं माझं मत.

दुसरी चिडचीड होते ती बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो म्हणून. पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, झडत्या (बैलांपुढं म्हणायची गाणी) संपल्या, तोरण तुटलं की बैल क्षणात निघतात, तोवर कॅमेरा अजून फोकसच शोधत असतो. वेळ खातो तो फोकस. म्हणून तोरणाखालच्या जागेवर बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरून ठेवायचा आणि बैल तिथं आला की पूर्ण दाबायचं. हाती फोकस करायची सोय असेल तर ती उत्तमच, तुम्हाला सवय आहेच.

बाकी किरकोळ. लाइटीचा भरवसा नाही म्हणून जादा बॅटरी हवीच. जुना घेत असाल तर बॅटरी फुगलेली नाही ना ते बघा, आणि झूम पूर्ण पुढं-मागं करून कान द्या, करकर आली तर परत द्या. या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही. झूम बाहेर-आत होताना धूळ ओढली जाते, सेन्सरवर बसली की घरी साफ होत नाही, प्रत्येक फोटोत आभाळात त्याच जागी डाग दिसतो. विकत घेण्याआधी एफ ८ किंवा एफ ११वर कोऱ्या आभाळाचा एक फोटो काढून मोठा करून बघा, दुकानदार कितीही घाई करो.