अबदागीर : ढगही नाही, डोंगरही नाही

प्रश्न असा आहे : "आमच्या गावच्या शिमग्याच्या पत्रिकेत पालखीच्या मानाच्या वस्तूंमध्ये 'अब्दगिरी' असं छापलंय. एक काका म्हणाले, बरोबरच आहे, अब्द म्हणजे ढग आणि गिरी म्हणजे डोंगर. देवावर ढगासारखी सावली धरायची म्हणून. दुसरे म्हणाले, जुन्या भाषेत छत्रीलाच अबदागीर म्हणत. खरं काय?"

अबदागीर म्हणजे पालखीसोबत उंच काठीवर धरतात तो ऊन अडवणारा चपटा पंखा. दोन्ही काका चुकले. पहिले मात्र फार सुंदर चुकले.

संस्कृतात अब्द म्हणजे ढग, हे खरंच आहे. पाणी देतो तो अब्द. वर्षालाही अब्द म्हणतात, शताब्दीतला तोच. पण आपल्या शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही. मूळ शब्द फारसी आहे : आफताबगीर. आफताब म्हणजे सूर्य, ऊन. गीर म्हणजे धरणारा, पकडणारा. हा गीर आपल्याकडे इतका मुरलाय की ओळखूही येत नाही. काळजाला दुःखानं धरलेला तो दिलगीर, आणि 'दिलगीर आहे' म्हणून आपण माफी मागतो. जागा धरून बसलेली ती जहागीर. मुलूख धरत जायचं ती मुलुखगिरी. तसा ऊन धरणारा तो आफताबगीर. डोंगराचा प्रश्न तिथेच मिटला.

आता 'आफताब'चं 'अबदा' कसं झालं? 'फ्त' हा जोड मराठी जिभेला कधीच मानवला नाही. दफ्तरचं आपण दप्तर केलं, हफ्त्याचा हप्ता केला. त्या हिशेबानं इथं 'अप्तागीर' व्हायला हवं होतं, आणि जुन्या मराठीत 'अफतागीर'सारखी रूपं आहेतही. पण 'ताबगीर' म्हणताना 'ब' आणि 'ग' एकमेकांवर आदळतात, 'ब' गिळला जातो. माझा अंदाज असा की तो गिळलेला 'ब' पुरता गेला नाही, पुढं जाऊन बसला : 'फ्त'चं 'बद' झालं. 'अब्द' कानाला ओळखीचा होता, त्यानंही थोडा हात दिला असेल. म्हणजे पहिल्या काकांची व्युत्पत्ती चुकली तरी त्यांच्यासारखाच विचार करणाऱ्यांनी शब्दाला आकार दिला असणं शक्य आहे.

आणखी एक गंमत. आफताबमधला 'ताब' आणि आपला 'ताप' हे सख्खे चुलत भाऊ. दोन्हींचं मूळ 'तापणे' हेच. संस्कृतात उन्हाला आतप म्हणतात आणि उन्हापासून राखणाऱ्या छत्रीला आतपत्र. म्हणजे एकाच भाषाकुळाच्या इराणात गेलेल्या शाखेनं आणि इथल्या शाखेनं आपापल्या घरी जवळजवळ एकच शब्द बनवला. इथला आतपत्र पोथीत राहिला आणि तिकडचा आफताबगीर आमच्या ग्रामदेवतेच्या पालखीपुढं चालतोय.

आता दुसऱ्या काकांचं. छत्र, छत्री हे शब्द 'छद्' म्हणजे झाकणे या धातूचे. छत्री वरून झाकते, म्हणून ती गोल आणि डोक्यावर. (आमची आजी शेवटपर्यंत 'सत्री' म्हणायची, पावसात उगवते ती मात्र 'कुत्र्याची छत्री'.) अबदागीर झाकत नाही. गावच्या पालखीत नीट बघा : उंच काठी, तिच्या टोकाला पिंपळपानासारखा किंवा लांबट गोल चपटा पंखा, त्यावर मखमल, कडेला जर. ती डोक्यावर धरतच नाहीत. बाजूला उभी धरतात, ज्या बाजूनं ऊन येतं त्या बाजूला. दुपार कलली की ऊन तिरपं होतं, तिथं छत्र काही कामाचं नाही. मागं एकदा मालवणकडच्या एका पालखीत कॉलेजातल्या पोराच्या हातात अबदागीर दिली होती. त्यानं ती झेंड्यासारखी सरळ खांद्याला लावली. मागून एक म्हातारा खेकसला, "अरे, असो काय धरतंस? देवाच्या तोंडार ऊन येता मरे!" पोरानं पान फिरवलं, मुखवट्यावरची चकाकी विझली. आफताबगीर या शब्दाचा अर्थ त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितला नसेल, पण त्याच्या खेकसण्यात तो पुरता होता.

या दोन वस्तू वेगळ्या असल्याचा जुना दाखलाही आहे. 16व्या शतकात अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त बादशाही चिन्हांची यादी दिली, तिच्यात छत्र वेगळं आणि सायबान वेगळं. सायबान लांबट गोल, सुमारे एक गज लांब, छत्रासारखाच नक्षीदार दांडा, ऊन अडवायला एक सेवक ते धरतो. आणि यालाच आफताबगीरही म्हणतात, असं तो लिहितो. वर्णन वाचताना शिमगाच डोळ्यापुढं येतो. मानाच्या उतरंडीतही फरक होता. छत्र राजाचं, 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला तो छत्रपतींचा. पुढे पेशवाईत पालखी-अबदागिरीचा मान मोठ्या सरदारांनाही मिळे. देवाला दोन्ही, कारण तो गावचा राजाही आणि उन्हातून फिरणाराही.

तर पत्रिकेचं : 'अबदागीर' किंवा 'अबदागिरी' लिहा, दोन्ही चालतील. आमच्याकडे 'ती अबदागीर' म्हणतात, तुमच्याकडे 'ते' म्हणत असतील तर तसंच ठेवा. 'अब्दगिरी' तेवढी पुढच्या शिमग्याला दुरुस्त करून घ्या. आणि पहिल्या काकांना आतपत्राची गोष्ट जरूर सांगा, त्यांना आवडेल.