डोमेनच्या मालकाला आकडा सांगितला आणि तो गप्पच झाला. पुन्हा लिहावं का?

तुम्ही दिलेला तपशील थोडक्यात असा: तुम्हाला एक डॉट कॉम डोमेन (वेबसाइटचं नाव) विकत घ्यायचं आहे, मालकाने ‘किती द्याल?’ असं विचारलं, तुम्ही ८०० डॉलर कळवले, त्याला बारा दिवस झाले. आता १,२०० म्हणून पाहावं का, हा तुमचा प्रश्न.

नका म्हणू. समोरच्याने तोंडही उघडलेलं नसताना तुम्ही आकडा वाढवलात, तर त्याला एवढंच कळेल की नुसतं गप्प बसल्याचे चारशे डॉलर मिळतात. मग तो आणखी गप्प बसेल, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करेल. तुमचा आकडा हलायचा तो त्याचा आकडा आल्यावरच.

या धंद्यात मालकाला घाई नसते. डॉट कॉमचं वर्षाचं नूतनीकरण साधारण दहा-वीस डॉलरमध्ये होतं, त्यामुळे थांबण्याचा खर्च जवळपास शून्य. ज्यांच्याकडे शेकड्याने डोमेन असतात त्यांची वर्षाला त्यातली मोजकीच विकली जातात, आणि त्यांचं सगळं गणित त्यावरच बसवलेलं असतं. कमी वाटलेल्या ऑफरला उत्तर न देणं हा इथे उद्धटपणा समजत नाहीत. त्याचा अर्थ ‘या आकड्याला नाही’ एवढाच, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

गप्प बसण्याचं आणखी एक कारण असू शकतं, आणि ते खरेदीदारांच्या सहसा लक्षात येत नाही. तुमच्या मेलमध्ये ‘हा आमचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे’ असं काही होतं का? १९९९ पासून लागू असलेल्या यूडीआरपी या तंटानिवारण धोरणात, ट्रेडमार्कच्या मालकालाच चढ्या भावाने विकण्याच्या मुख्य हेतूने डोमेन नोंदवणं हा वाईट हेतूचा पुरावा धरला जातो. हे माहीत असलेला विक्रेता अशा वेळी आकडा लेखी देतच नाही. धमकीनेही काम होत नाही: वायपोकडे (असे तंटे सोडवणारी जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एका डोमेनची तक्रार एकसदस्यीय पॅनेलपुढे न्यायची तर फीच १,५०० डॉलर, आणि डोमेन तुमच्या ट्रेडमार्कच्या आधीपासून त्याच्याकडे असेल तर तक्रार बहुधा फेटाळली जाते. वर ‘डोमेन बळकावण्याचा प्रयत्न’ असा शेरा निकालात नोंदला जाऊ शकतो, तो वेगळाच.

मेल पोचला का, हेही तपासा. अनोळखी पत्ता, डॉलरचा आकडा, लिंक आणि वर जोडलेली फाइल, म्हणजे स्पॅममध्ये जाण्याची पूर्ण तयारी. २०१८ नंतर बहुतेक मालकांचे पत्ते सार्वजनिक नोंदीत दिसत नाहीत. रजिस्ट्रारच्या (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममधून गेलेला निरोप वाचला गेला की नाही, हे कळायला मार्ग नसतो. तुमचं बोलणं ज्या धाग्यात झालं त्याच धाग्यात लिहा, साध्या मजकुरात, लिंक न देता.

पहिल्या आकड्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी एकच स्मरणपत्र, तेही त्याच आकड्याचं. उदाहरणार्थ (एस्क्रो म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे सांभाळणारा मध्यस्थ):

“नमस्कार. माझी ८०० डॉलरची ऑफर कायम आहे आणि या महिनाअखेरपर्यंत खुली राहील. मान्य असल्यास रक्कम दोन कामकाजी दिवसांत एस्क्रोमध्ये भरेन, एस्क्रोचं शुल्क माझ्याकडे. आकडा अपेक्षेपेक्षा कमी वाटत असेल तर तुमची किंमत कळवा.”

बस. ‘मी विद्यार्थी आहे’, ‘बजेट नाही’ हे नको. ‘तुमचं डोमेन नुसतंच पडून आहे’ हे तर अजिबात नको, मालकांना सगळ्यात जास्त चीड याच वाक्याची येते. मुदत दिलीत तर पाळा. ती उलटल्यावर ‘आणखी आठवडा देतो’ म्हणालात की पुढच्या कुठल्याही तारखेला किंमत राहत नाही. त्यानंतर दोन-तीन महिने तुम्हीही गप्प.

या काळात मित्रांना वेगवेगळ्या पत्त्यांवरून चौकशी करायला लावू नका. मालकाला तीन चौकशा दिसतात आणि मागणी वाढली असं वाटतं. तेच नाव घेऊन कंपनी नोंदवू नका की सोशल मीडियावर जाहीर करू नका, कारण तोही तुमचं नाव शोधून पाहतो. डोमेनची मुदत संपेल म्हणून टपून बसण्यातही फारसा अर्थ नाही. संपली तरी ४५ दिवसांपर्यंतची सवलत, मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ (मालक जादा पैसे भरून डोमेन परत मिळवू शकतो), शेवटी नोंद पुसली जाण्याआधीचे ५ दिवस, आणि बरेच रजिस्ट्रार त्याआधीच लिलाव लावून मोकळे होतात.

त्यापेक्षा ८०० हा आकडा मुळात धरून बोलण्याजोगा आहे का, ते तपासा. नेमबायो या डोमेन-विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर अशाच नावांच्या झालेल्या विक्री पाहा. मागितलेल्या किमती पाहू नका, मागायला काय जातं! डोमेनचे एमएक्स रेकॉर्डही (त्या डोमेनचे मेल कुठे जातात ते सांगणारी नोंद) बघा. वेबसाइट कोरी असली तरी मेल चालू असेल, तर मालक विक्रेता नसून वापरकर्ता असू शकतो. त्याला पत्ते बदलण्याचा त्रास किमतीत धरावा लागतो, त्यामुळे त्याचा आकडा व्यापाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू नका.

समजा उत्तर आलं, ‘६,५००’. एक-दोन दिवसांत उत्तर द्या आणि लहान पावलाने वर जा, १,१०० वगैरे. फोनवर बोलणं झालं तर आकडा सांगून थांबा. पाच-सहा सेकंदांची शांतता बहुतेकांना पेलत नाही आणि तोंडातून निघतं, ‘अर्थात थोडं वर-खाली करता येईल’. ते वाक्य तुम्ही बोललात की तुमचा १,१०० हा आकडा टिकत नाही, हे धरूनच चाला.

‘मान्य’ हा शब्द एकदा लिहिला गेला की मात्र मौन हा सरळसरळ असभ्यपणा. तिथून पुढे प्रत्येक मेलला चोवीस तासांत उत्तर हवं, बँकेत पैसे अडकले तर तेही कळवायचं. क्रम ठरलेला आहे: एस्क्रोचा व्यवहार उघडणं, तुम्ही पैसे भरणं, एस्क्रोने ते आल्याचं कळवणं, मग मालकाने डोमेनचं कुलूप काढून ऑथ कोड (डोमेन हलवण्यासाठी लागणारा सांकेतिक शब्द) देणं, डोमेन तुमच्या खात्यात दिसल्यावर तुम्ही पैसे सोडणं. एस्क्रोचा पत्ता स्वतः टाइप करा, मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका, हुबेहूब बनावट साइट असतात. नव्याने नोंदलेलं किंवा नुकतंच दुसऱ्या रजिस्ट्रारकडून आलेलं डोमेन सहसा ६० दिवस बाहेर हलवता येत नाही. तसं असेल तर त्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडून तिथे पुश करून (त्याच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात टाकून) घ्या. किंमत गुप्त ठेवायची असेल तर ती अट पैसे भरण्याआधीच लेखी घ्या.