जुनी टायगन जीटी घेताय? आधी गिअरबॉक्स बघा

प्रश्न: मी वाकडला राहतो, ऑफिस हिंजवडी फेज ३ ला. २०२२ ची फोक्सवॅगन टायगन जीटी बघून आलो, १.५ टीएसआय (टर्बो पेट्रोल) डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ४६ हजार किमी, फर्स्ट ओनर. टेस्ट ड्राइव्हला जरा दाबली आणि बाकीच्या गाड्या डोक्यातून गेल्याच. पण घरचे म्हणतायत डीएसजी म्हणजे खर्चाचं घर. खरंच इतकी रिस्क आहे का?

उत्तर: तुम्हाला का आवडली ते कळतंय हो, १५० पीएस आणि २५० एनएम टॉर्क त्या साइझच्या गाडीत म्हणजे हायवेला ओव्हरटेक करताना विचारच करावा लागत नाही, आणि चाकणला बनते तरी बसल्यावर जर्मन वाटते. इंजिनाचं मला फारसं टेन्शन नाही. हलक्या ॲक्सिलरेटरवर दोन सिलिंडर आपोआप बंद होतात तेव्हा बारीकशी थरथर जाणवू शकते, तो फॉल्ट नाही, घाबरू नका.

प्रश्न आहे तो गिअरबॉक्सचा. या गाडीत सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी आहे, डीक्यू२००. ड्राय म्हणजे क्लच ऑइलमध्ये बुडालेले नाहीत, ते थंड होतात नुसत्या हवेवर. आता तुमचा रोजचा रस्ता डोळ्यासमोर आणा, संध्याकाळी सहाला फेज ३ मधून निघालात की वाकड पुलापर्यंत एक-दोन, एक-दोन, थांबा, परत एक. त्यात गाडी रांगत असते तेव्हा क्लच अर्धवट घासत राहतात आणि तापतात. शिवाय हा गिअरबॉक्स मुळात २५० एनएमपर्यंतच्याच टॉर्कसाठी डिझाइन केलेला, इंजिन देतंय बरोब्बर तेवढाच, म्हणजे वर मार्जिन काही उरलेलं नाही. २०१३ मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींवरून फोक्सवॅगनला ३ लाख ८४ हजार गाड्या रिकॉल कराव्या लागल्या होत्या. त्यानंतर सुधारणा झाल्या, आत्ताच्या गाड्या तेव्हापेक्षा नक्की बऱ्या आहेत, पण क्लच ड्रायच आहे आणि ट्रॅफिक आपलंच आहे.

बिघडतं काय, तर एक क्लच पॅक आणि दुसरं मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर टाकणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक मेंदू. त्याचं प्रेशर गेलं की डॅशबोर्डवर गिअरबॉक्सची वॉर्निंग येते आणि गाडी ड्राइव्हच घेत नाही, जिथे असाल तिथे. वॉरंटीबाहेर मेकॅट्रॉनिक बदलायचं झालं तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं, एवढं मनात धरूनच चला.

म्हणून गाडी थंड असताना दहा मिनिटं फिरवून काहीही कळणार नाही. चाळीसेक मिनिटं भर ट्रॅफिकमध्ये चालवा, एसी चालू ठेवून, आणि मग बघा: पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी थरथरते का, चढावर रिव्हर्स टाकल्यावर धक्का बसतो किंवा वेळ लागतो का. १, ३, ५, ७ हे गिअर एका क्लचवर आणि २, ४, ६ आणि रिव्हर्स दुसऱ्यावर असतात, त्यामुळे दुसरा गिअर आणि रिव्हर्स दोन्ही कुरकुर करत असतील तर चांगल्या मेकॅनिकला कुठला क्लच थकलाय ते लगेच समजतं. स्कॅनर लावून जुने फॉल्ट कोड आणि क्लच ॲडाप्टेशनच्या व्हॅल्यू, म्हणजे क्लच किती झिजलाय याचा अंदाज देणारे आकडे, बघून घ्या, दोन-चार हजार गेले तरी चालतील, आणि डीलरच्या ओळखीच्या माणसाकडून नको, आपला माणूस न्या.

आणखी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते ती रीमॅपची. या गाड्या घेणारी पोरं हौशी असतात, ईसीयू रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क ३०० च्या पुढे नेतात आणि विकताना परत स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर आणतात, मग गाडी बाहेरून अगदी साधी दिसते पण त्या गिअरबॉक्सने काय सोसलंय ते कोणी सांगत नाही. ओनरला तोंडावर विचारा. सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन पूर्ण हिस्टरी काढा, तिथे रीमॅपची नोंद असेल तर वॉरंटी मिळणार नाही, आणि अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी सोडून देईन.

वॉरंटी स्टँडर्ड ४ वर्षं किंवा १ लाख किमी, जे आधी होईल ते. म्हणजे २०२२ ची गाडी २०२६ मध्ये वॉरंटीबाहेर, डिलिव्हरीची तारीख नीट बघा. एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेली असेल आणि तुमच्या नावावर ट्रान्सफर होत असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला मी तयार होईन. नसेल तर तुमच्या रोजच्या रस्त्यासाठी तीच १.५ सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये शोधा. डावा पाय दुखेल हे मान्य, पण क्लच गेला तर खर्च आवाक्यात राहतो. वीकेंडलाच आणि हायवेलाच चालवणार असाल तर डीएसजी आनंदाने घ्या.

प्रश्न: व्हेन्यू एन लाइनमध्येही हाच प्रॉब्लेम येतो का? (नाशिक)

उत्तर: जात तीच, १२० पीएसचं १ लिटर टर्बो आणि सात गिअरची ड्राय क्लच डीसीटी (डीएसजीसारखाच दोन क्लचवाला गिअरबॉक्स). टॉर्क १७२ एनएमच आहे म्हणून क्लचवर ताण कमी, पण चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर इथेही क्लच तापतात. आधीचा ओनर तसं चालवायचा का ते टेस्ट ड्राइव्हला त्यालाच चालवायला सांगून मागून बघा, दोन सिग्नलमध्ये कळतं.

प्रश्न: एक्सयूव्ही३०० टर्बोस्पोर्ट मिळतेय, पण आधीचा ओनर सांगलीचा आहे. पुराची भीती वाटते.

उत्तर: १३० पीएसची मॅन्युअल गाडी आहे, गिअरबॉक्सची चिंता नको. ही ऑक्टोबर २०२२ ला आली, म्हणजे २०१९ आणि २०२१ च्या मोठ्या पुरांनंतर. तरीही पाण्यात गेली नसेलच असं धरू नका, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते का बघा, कार्पेट उचलून वास घ्या, सीटखालचे बोल्ट गंजलेत का तेही. इन्शुरन्स क्लेमची हिस्टरी मागा, आणि लोन असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.