पातळ बर्फावरून स्लेज ओढताना

जानेवारीत अमेरिकेत मिनेसोटाला जाऊन गोठलेल्या तळ्यावर मासे धरणार म्हणतोस, तर आधी हे ऐक भाऊ. नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर गळ टाकून आलेला धीर तिथे कामी येईल, पण बर्फाची पारख वेगळीच.

स्वच्छ, काळसर बर्फ किमान 4 इंच असल्याशिवाय पाऊल टाकू नको. पांढरा असेल तर त्याच्या दुप्पट जाडी हवी. पुढे जाताना पहारीने ठोकत जा. झरा किंवा वाहतं पाणी असेल तिथे त्याच तळ्यात बर्फ एकदम पातळ होतो.

सामान पाठीवर घेऊ नको, स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या घसरगाडीवरच ठेव. बर्फाला भोक पाडायचं जड ड्रिल मधोमध, तळाशी. दोरी लांब ठेव, म्हणजे तुझं आणि सामानाचं वजन एका जागी पडत नाही. पण ती कमरेला गाठ मारून कधीच बांधू नको! स्लेज बुडाली तर तुलाही खेचेल. हातातच धर.

अंगात लाइफ जॅकेट, गळ्यात बर्फात रोवायचे दोन अणकुचीदार टोचे. बर्फ फुटलाच तर आलास त्याच दिशेला वळ, टोचे रोव, पाय मारत पोटावर वर ये आणि लोळत लांब जा. लगेच उभा राहू नको.

एकट्याने तर जाऊच नको. आमिषाच्या दुकानात त्या दिवशीच्या बर्फाची चौकशी करून मगच निघ.