शनीची कडी पाहून झाली, पुढे काय?

प्रश्न : मी नोकरी करतो, विज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या लहान दुर्बिणीतून चंद्रावरील विवरे, गुरूचे चार मोठे उपग्रह आणि शनीची कडी पाहून झाली आहेत. पुस्तकेही बरीच वाचली, तरी आता शिक्षण थांबल्यासारखे वाटते. काही हौशी निरीक्षक शिक्षकाविना आयुष्यभर शिकत राहतात, ते कसे? मी रीतसर अभ्यासक्रम करावा का?

उत्तर : अभ्यासक्रम अवश्य करावा, परंतु तुमची अडचण त्याने सुटेल असे मला वाटत नाही. आजवर तुम्ही आकाश प्रवाशाने प्रेक्षणीय स्थळे पाहावीत तसे पाहिले आहे आणि अशी यादी कधीतरी संपतेच. जे निरीक्षक वर्षानुवर्षे शिकत राहतात, त्यांच्याजवळ स्वतःचा एखादा प्रश्न असतो आणि त्या प्रश्नासाठी राखलेली नोंदवही असते. पुढे काय वाचायचे, हे ती वहीच सुचवत जाते.

ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा घ्या. त्यासाठी दुर्बीणही लागत नाही. एरवी 2.1 प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) हा तारा दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी 3.4 प्रतीपर्यंत मंदावतो आणि मंदावून पूर्ववत होण्यास त्याला सुमारे दहा तास लागतात. त्याच समूहातील मिरफाक 1.8 प्रतीचा, तर एप्सिलॉन 2.9 प्रतीचा आहे. या दोहोंच्या दरम्यान अल्गोल कोठे बसतो याचा डोळ्यांनी अंदाज घेऊन तो वेळेसह लिहायचा, आणि तो एप्सिलॉनपेक्षाही मंद दिसू लागला की आणखी मंद तारा तुलनेस घ्यायचा, एवढेच काम. पण हे अंदाज आलेखावर मांडले की शंका उभ्या राहतात. प्रत 1.3 ने वाढली म्हणजे तेज किती पटीने घटले? क्षितिजाजवळ आलेला तारा खरोखर मंदावला, की मधल्या हवेने त्याचा प्रकाश शोषला? दोन अंदाज जुळत नसतील, तर नेमक्या किमान तेजाची वेळ कशी काढावी? प्रत्येक शंकेसाठी पुस्तक उघडावे लागते, मात्र आता ते कशासाठी उघडले हे तुम्हाला ठाऊक असते. जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने 1783 मध्ये, वयाच्या विशीच्या आत, उघड्या डोळ्यांच्या निरीक्षणांवरून या ताऱ्याचा आवर्तनकाळ मांडला आणि त्याच्यासमोरून एखादी काळी वस्तू जात असावी अशी एक शक्यताही सुचवली. आज आपण जाणतो की ती वस्तू म्हणजे त्याचाच अंधुक जोडीदार तारा आहे.

स्वयंशिक्षणाचा मोठा धोका असा की चूक दाखवणारे कोणी नसते. मागील अंदाज डोळ्यांसमोर असला, तर नवा अंदाज नकळत त्याच्याकडे झुकतो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले, तर तो आहे त्याहून तेजस्वी भासतो. म्हणून जुनी पाने झाकून ठेवावीत, तांबड्या ताऱ्याकडे ओझरते पाहावे आणि नोंदी इतरांच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. अमेरिकेत 1911 मध्ये रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची संघटना स्थापन झाली. तिच्याकडे जगभरातील हौशी निरीक्षक आपले अंदाज पाठवतात. त्याच ताऱ्याविषयी त्याच सुमारास इतरांनी केलेल्या नोंदींशेजारी आपली नोंद ठेवून पाहणे, ही मी कोणत्याही परीक्षेहून कडक परीक्षा मानतो.

प्रश्न पहिल्याच फटक्यात अचूक सापडला पाहिजे, असेही नाही. जर्मनीतील औषधविक्रेते हाइनरिश श्वाबे 1826 पासून सूर्यावरील डाग नोंदवू लागले, ते बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह सापडेल या आशेने. ग्रह सापडला नाही. परंतु डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने वाढते व घटते, हे त्यांनी 1843 मध्ये दाखवले. आज हा काळ सरासरी अकरा वर्षांचा मानतात. (सूर्यनिरीक्षण करणार असाल, तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा खास सौर फिल्टर लावल्याशिवाय मुळीच पाहू नये.)

प्रश्न : माझे गणित कच्चे आहे. आधी ते पक्के करू का?

उत्तर : नको. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट फरक, एवढ्यावर सुरुवात होते. अल्गोलचा पहिला आलेख काढाल, तेव्हा लॉगरिदमची गरज पडेल आणि तेव्हाच ते शिकावे. त्रिकोणमिती तोवर बाजूला ठेवण्यास हरकत नाही.