वाचकांचे प्रश्न: विवाल्दीचा ‘ग्लोरिया’ बसवताना

प्रश्न: आमचा 36 जणांचा हौशी कॉयर (गायकवृंद) संगीतकार विवाल्दीचा डी मेजरमधला ‘ग्लोरिया’ हा बारा भागांचा भक्तिगीतसंग्रह (सूचिक्रमांक आर. व्ही. 589) बसवतो आहे. दुसरा भाग, ‘एत इन तेर्रा पाक्स’, संपेपर्यंत आम्ही जवळजवळ अर्धा स्वर उतरलेले असतो. उपाय काय?

उत्तर: आधी लय तपासा. इथली लय ‘आंदान्ते’ आहे, म्हणजे चालती. पण पहिल्या भागाच्या जल्लोषानंतर हा बी मायनरमधला भाग फार संथ घेण्याचा मोह होतो. मिनिटाला 60 मात्रांच्या खाली गेलात की लांब सूर धरताना दम पुरत नाही आणि सूर बसतो. शेजाऱ्यांनी श्वासाच्या जागा वाटून घ्याव्यात. सगळ्यांनी एकदम श्वास घेऊ नये.

खरी अडचण मात्र पुढे आहे. या भागाचे सारे सौंदर्य सुरांच्या टकरीत आहे. एक आवाज आपला सूर धरून राहतो, दुसरा अगदी लगतच्या सुरावर येऊन भिडतो, मग पहिला एक पायरी उतरतो. धरून राहणारे गायक या टकरीला बिचकतात आणि आधीच सैल पडतात. दर वेळची ती किंचित घसरण साठत जाते. तालमीत एका वेळी दोनच विभाग घ्या, उदाहरणार्थ अल्टो (खालचा स्त्रीस्वर) आणि टेनर (उंच पुरुषस्वर). शब्द सोडा, ‘नू’वर, आवाज न थरथरवता, निम्म्या लयीत गा. टक्कर होते तिथे जोर थोडा वाढवा, सुटते तिथे कमी करा. ऑर्गन सतत वाजवू नका, दर आठ मापांनी (बारनी, म्हणजे तालाच्या आवर्तनांनी) एकदा सूर पडताळा. अखंड साथीत घसरण कळतच नाही.

प्रश्न: वाद्ये किती घ्यावीत? आणि ट्रम्पेट शेवटी बेसूर का होतो?

उत्तर: पहिली व्हायोलिन 4, दुसरी 4, व्हिओला 2, चेलो 2, डबल बास 1, ओबो, ट्रम्पेट आणि लहान ऑर्गन पुरे. सोप्रानोच्या (उंच स्त्रीस्वराच्या) ‘दोमिने देउस’ या भागात ओबो, चेलो आणि ऑर्गन एवढेच ठेवा, गाणे मोकळे होते. ओबोचा ‘ए’ सूर 415 हर्ट्झचा आणि ऑर्गनचा 440चा असेल तर दोघांत अर्ध्या स्वराचा फरक पडतो, म्हणून हे पहिल्या तालमीआधीच ठरवा.

ट्रम्पेट पहिल्या, अकराव्या आणि बाराव्या भागातच आहे. मधल्या वीसेक मिनिटांत तो गार पडतो, आणि गार ट्रम्पेटचा सूर उतरतो. दहाव्या भागात, ‘क्वी सेदेस’ चालू असताना, वादकाने आवाज न काढता त्यात उबदार श्वास फुंकत राहावे.